कौतुक केलं की भीती वाटते

समुपदेशनाच्या खोलीत एक तक्रार फार वेगवेगळ्या माणसांकडून ऐकायला मिळते. कुणी इंजिनिअरिंगचा विद्यार्थी असतो, कुणी दोन मुलांची आई, कुणी निवृत्तीला टेकलेला सरकारी कर्मचारी. शब्द बदलतात, पण म्हणणं एकच असतं: "कुणी चांगलं म्हटलं तर मला पटत नाही. वाईट म्हटलेलं मात्र लगेच पटतं आणि महिनोन्‌महिने डोक्यातून जात नाही. माझ्यातच काही बिघडलंय का?" या प्रश्नाचं उत्तर मला एका ताईंच्या निमित्ताने सविस्तर द्यायचं आहे. त्यांची परवानगी घेऊनच लिहिते आहे. ओळख पटू नये म्हणून नाती आणि काही तपशील बदलले आहेत, नाव मुद्दामच दिलेलं नाही.

ताई ४३ वर्षांच्या. सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी पतसंस्थेत सीनियर क्लार्क. शाखाधिकारी निवृत्त होणार होते आणि चेअरमनसाहेबांनी ताईंना बोलावून सांगितलं, की पुढे शाखा तुम्हीच सांभाळायची. त्या रात्रीपासून झोप उडाली. छातीत धडधड, तळहातांना घाम, अन्न गोड लागेना. गावातल्या डॉक्टरांनी ईसीजी काढला, रक्त तपासलं, थायरॉइडही पाहिलं. सगळं व्यवस्थित निघालं, तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाठवलं. पहिल्या भेटीत ताईंची मागणी अगदी साधी होती. "मॅडम, पद नको हे साहेबांना कसं सांगायचं, तेवढं शिकवा. त्यांना दुखवायचं नाहीये. पण मला नाही झेपायचं."

का नाही झेपायचं, असं विचारल्यावर उत्तर तयार होतं. "मी ढ आहे हो. त्यातून गणित म्हणजे तर विचारूच नका. दहावीला मार्चला गणित राहिलं होतं माझं. ऑक्टोबरला निघालं."

त्या मार्च महिन्याला २७ वर्षं होऊन गेली होती. मधल्या काळात ताईंनी लग्नानंतर, मुलं लहान असताना, यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बी.कॉम. केलं होतं. सहकार खात्याची जी.डी.सी. अँड ए. ही परीक्षा दिली होती. सहकारी संस्थांचे हिशेब आणि लेखापरीक्षण यांचा पाया असलेली ती पदविका आहे, आणि ती करताना भल्याभल्यांचे विषय राहतात. ताई ती पास झाल्या होत्या. मी त्याबद्दल विचारलं तर म्हणाल्या, "त्या वर्षी पेपर सोपे निघाले." बी.कॉम.? "मुक्तमधनं काय, सगळेच होतात." मग साहेबांनी तुमचीच निवड का केली? "दुसरं आहे कोण त्यांच्याकडं? आणि मी जास्त पगार मागणार नाही, हे त्यांना माहितीये."

आणि मग एक वाक्य आलं, जे मी जसंच्या तसं लिहून ठेवलं आहे. "मॅडम, कुणी चांगलं बोललं की वाटतं, यांना अजून कळलेलं नाही. कुणी वाईट बोललं की वाटतं, आता कळलं बाई यांना."

सुरुवातीच्या भेटींत मी एक कागद देते. १९५४ मध्ये मॅनफर्ड कून आणि थॉमस मॅकपार्टलंड या अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी ही पद्धत मांडली. कागदावर २० रिकाम्या ओळी असतात आणि ‘मी कोण आहे?’ या एकाच प्रश्नाची वीस उत्तरं लिहायची असतात. फार विचार करायचा नाही, सुचेल ते लिहायचं. ताईंनी भराभर लिहिलं. मी आई आहे. मी बायको आहे. मी मोठी सून आहे. मी धाकटी बहीण आहे. मी कष्टाळू आहे. मी घाबरट आहे. मी गणितात कच्ची आहे. मग पेन अडखळलं. नात्यांनी सुरुवात होणं यात मला काही वावगं वाटत नाही, आपल्याकडे माणूस स्वतःला नात्यांतूनच ओळखतो. माझं लक्ष दुसरीकडे गेलं. दिवसाचे आठ-नऊ तास ज्या पतसंस्थेत जातात, ती सतराव्या ओळीवर उगवली, आणि तिथे त्या नेमकं काय करतात याचा उल्लेखच नव्हता.

त्या तिथे काय करतात, हे मला पुढच्या एका भेटीत अपघातानेच कळलं. ताई दमलेल्या दिसत होत्या. आदल्या दिवशी दिवसअखेर कॅश जुळत नव्हती, साडेचार हजार कमी भरत होते. कॅशियरचं काम करणारा नवा मुलगा रडकुंडीला आला होता. बाकीचे ड्रॉवर उपसत होते, नोटांची बंडलं पुन्हा पुन्हा मोजत होते. ताईंनी आकडा ऐकला आणि म्हणाल्या, नोटा मोजू नका, व्हाउचर काढा. ४,५०० ला नवाने भाग जातो, म्हणजे कुठेतरी दोन आकडे उलटे पडलेत. थोड्याच वेळात सापडलं. एका खातेदाराला बचत खात्यातून ७,२०० रुपये दिले होते आणि नोंद पडली होती २,७०० ची. शेजारचे दोन अंक अदलाबदल झाले, की येणारा फरक हमखास नवाच्या पटीत असतो. मुरलेल्या हिशेबनिसांना हे ठाऊक असतं. पण भांबावलेल्या संध्याकाळी ते आठवणं आणि बरोबर जागी हात घालणं वेगळं.

हे सगळं ताईंनी मला सांगितलं ते घरी पोचायला उशीर झाला आणि सासूबाई बोलल्या, याची तक्रार म्हणून. मी विचारलं, "ताई, हे गणित नव्हे का?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "छे हो, ही सवय. गणित म्हणजे ते... प्रमेय वगैरे."

इथे थोडं थांबून सांगायला हवं, कारण ताईंच्या बाबतीत जे घडत होतं ते आपण सगळेच करतो. स्वतःविषयीची कल्पना एकदा घट्ट बसली, की ती नुसती मनात पडून राहत नाही, येणारी प्रत्येक गोष्ट ती चाळून घेते. मिशिगन विद्यापीठातल्या हेझल मार्कस यांनी १९७७ मध्ये हे प्रयोगातून दाखवलं. ज्या व्यक्ती स्वतःला ठामपणे ‘मी स्वतंत्र बाण्याची’ किंवा ठामपणे ‘मी दुसऱ्यावर अवलंबून राहणारी’ समजत होत्या, त्यांना आपल्या कल्पनेशी जुळणारे शब्द चटकन ‘हे मला लागू’ म्हणून ओळखता येत होते. त्याला पुष्टी देणारे आपल्याच वागण्यातले प्रसंग त्यांना पटापट आठवत होते. आणि तुम्ही तशा नाही, असं चाचणीचा निकाल सांगू लागला तर तो मान्य करायला त्या तयार नव्हत्या. ताईंनी दहावीचा गणिताचा पेपर, त्यातला सुटलेला प्रश्न, निकालाच्या दिवशी अंगावर कोणता ड्रेस होता, सगळं मला न अडखळता सांगितलं. जी.डी.सी. अँड ए.चा निकाल कोणत्या महिन्यात लागला, हे त्यांना आठवलं नाही.

ही कल्पना आली कुठून? वडील प्राथमिक शिक्षक. थोरली बहीण वर्गात कायम पहिली, पुढे ती डॉक्टर झाली. पाहुणे आले की वडील कौतुकानेच ओळख करून द्यायचे, "आमची थोरली डोक्याची आणि धाकटी हातापायाची. घर हीच सांभाळते बघा." ताईंना तेव्हा ते ऐकून छान वाटायचं, हे त्यांनी आवर्जून सांगितलं. घरात प्रत्येकाला एक जागा होती आणि त्यांचीही होती. दहावीचा निकाल लागला तेव्हा वडील रागावले नाहीत. "असू दे बाळ, सगळ्यांना सगळं येत नसतं," एवढंच म्हणाले. त्या मायेच्या वाक्याने जे पक्कं झालं, ते छडीने झालं नसतं.

आईवडिलांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करण्यात मला रस नसतो, आणि बहुतेक वेळा ते अन्यायाचंही असतं. मुलांना अशा ओळखी देणारी घरं प्रेमळच असतात. पण मूल त्या ओळखीचं काय करतं, ते समजून घ्यायला हवं. चार्ल्स हॉर्टन कूली या समाजशास्त्रज्ञाने १९०२ मध्ये मांडलं, की माणूस दुसऱ्याच्या नजरेत आपण कसे दिसत असू याची कल्पना करतो, त्या नजरेने आपल्याविषयी काय ठरवलं असेल याचीही कल्पना करतो, आणि त्यातून त्याला अभिमान किंवा शरम वाटते. दोन्ही वेळा कल्पनाच. पुढे १९७९ मध्ये श्राउगर आणि शूनमन यांनी तोवरच्या अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा हेच ठळकपणे समोर आलं. माणसाचं स्वतःविषयीचं मत, इतरांना आपल्याविषयी जे वाटतं असं तो समजतो, त्याच्याशी चांगलं जुळतं. इतरांना खरोखर काय वाटतं, याच्याशी मात्र ते तितकंसं जुळत नाही.

म्हणून मी ताईंना एक काम दिलं. वडील आता नाहीत, पण थोरल्या बहिणीला विचारा. लहानपणी तू मला कशी समजायचीस, एवढंच. ताईंनी ते बरेच दिवस टाळलं. शेवटी फोन केला आणि पुढच्या भेटीत आल्या त्या गोंधळून. बहीण म्हणाली होती, "अगं, दुधाचा हिशेब बाबांनी मला कधी दिला का? डेअरीचं दर दहा दिवसांचं बिल तूच तपासायचीस. लिटर, फॅट, दर, सगळं तोंडावर. मला वाईट वाटायचं, बाबांचा भरवसा तुझ्यावरच जास्त आहे म्हणून."

सातवी-आठवीतली मुलगी रोजच्या सकाळ-संध्याकाळच्या दुधाचे लिटर, बदलत्या फॅटप्रमाणे बदलणारा दर, त्यातून पशुखाद्याची उचल वजा, असा हिशेब करत होती. आणि तीच मुलगी वर्गात गणिताला घाबरत होती. हे विलक्षण वाटेल, पण तसं ते नाही. १९८५ मध्ये ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात कॅराहर पतिपत्नी आणि श्लीमन या संशोधकांनी रस्त्यावर नारळ, फळं विकणाऱ्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. गिऱ्हाईक बनून विचारलेले हिशेब मुलांनी जवळजवळ ९८ टक्के बरोबर सांगितले. तीच आकडेमोड कागदावर, नुसत्या अंकांत दिली तेव्हा बरोबर उत्तरं ३७ टक्क्यांच्या आसपास आली. मुलं थोडीच होती, पण त्या अभ्यासाने जगभरच्या शिक्षकांना विचार करायला लावलं. ताईंना मी हे सांगितलं तेव्हा त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मग मी त्याला गणित का धरलं नाही?"

कारण जे येतं ते काम आणि जे येत नाही ते गणित, अशी वाटणी घरात आधीच झाली होती.

आता या गोष्टीतला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग. पतसंस्थेत ताईंची एक मैत्रीण होती. डबा एकत्र, येणं-जाणं एकत्र. ही मैत्रीण उठता-बसता म्हणायची, "तुला नाही जमायचं बाई. तू आपली साधी." बढतीची बातमी कळल्यावर तिने लगेच सांगितलं, "कशाला उगंच डोक्याला ताप?" याउलट एक सहकारी ताईंच्या कामाचं मनापासून कौतुक करायचे, आणि त्यांच्यासमोर ताईंना अवघडल्यासारखं व्हायचं. त्या टाळायच्या त्यांना. मैत्रिणीजवळ मात्र शांत वाटायचं. ताईंना स्वतःलाच याचं कोडं होतं.

टेक्सास विद्यापीठातले विल्यम स्वान यांनी आपली कारकीर्द या कोड्यावर घालवली. त्यांचं म्हणणं असं, की माणसाला चांगलं म्हणवून घ्यायला आवडतं हे खरं, पण त्याबरोबरच आपण जसे आहोत असं त्याला वाटतं तसंच जगाने आपल्याला ओळखावं, ही गरजही तितकीच खोल असते. आपण कोण हे माहीत असलं, की समोरचा कसा वागेल, आपण कसं वागायचं, कशाची अपेक्षा ठेवायची, याचा अंदाज बांधता येतो. तो अंदाज म्हणजे पायाखालची जमीन. ती वाईट बातमीची असली तरी ओळखीची असते. १९९२ मध्ये स्वान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विवाहित जोडप्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. स्वतःविषयी चांगलं मत असणाऱ्यांची ओढ, आपल्याविषयी चांगलं मत असणाऱ्या जोडीदाराकडे जास्त होती, यात नवल नाही. पण स्वतःविषयी वाईट मत असणाऱ्या व्यक्ती, आपल्याला कमी लेखणाऱ्या जोडीदाराशी जास्त बांधलेल्या आढळल्या.

हे वाचून कुणी ‘तिलाच तसं हवं असतं’ असा अर्थ काढू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. घरात अपमान आणि मारहाण सोसणाऱ्या बाईविषयी हे वाक्य आपल्याकडे फार सहज बोललं जातं, आणि ते क्रूर आहे. अपमान कुणालाच नको असतो, आणि अशी बाई तिथून बाहेर पडत नाही त्याला पैसा, मुलं, माहेर, भीती अशी दहा कारणं असतात. मी बोलते आहे ते एवढंच, की ओळखीचं आणि खरं यांत मन गफलत करतं. मैत्रिणीचं बोलणं ताईंना खरं वाटत होतं, कारण ते त्यांनी आयुष्यभर ऐकलं होतं.

म्हणूनच कौतुकाचा उतारा चालत नाही. ताईंच्या मिस्टरांनी बढतीची बातमी ऐकून पेढे आणले होते, "तू हुशारच आहेस, मी म्हणतच होतो" असं दहा जणांना सांगितलं होतं. ताई त्या रात्री रडल्या होत्या. मुलाने मोबाइलवर प्रेरणादायी व्हिडिओ लावून दिले. त्यातल्या एकात सांगितल्याप्रमाणे ताई रोज सकाळी आरशासमोर उभं राहून म्हणत होत्या, ‘मी सक्षम आहे, मी यशस्वी आहे’. "म्हणताना आतनं कुणीतरी म्हणतं, खोटारडी," असं त्यांनी मला सांगितलं.

आतून उमटणारा हा प्रतिसाद फार जणांचा आहे. २००९ मध्ये जोआन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅनडात हे तपासलं. ज्यांना स्वतःविषयी मुळातच बरं वाटत होतं, त्यांना ‘मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे’ हे वाक्य मनाशी घोकल्यावर थोडं आणखी बरं वाटलं. ज्यांचं स्वतःविषयीचं मत कमी होतं, त्यांना मात्र ते घोकल्यावर, न घोकणाऱ्यांपेक्षा वाईट वाटलं. ज्यांच्यासाठी ही वाक्यं सुचवली जातात, त्यांनाच ती बोचतात. जेवढा दावा मोठा, तेवढे त्याच्याविरुद्धचे पुरावे मन पुढे करतं. आरशासमोरचा हा जप ताईंनी त्याच दिवशी बंद करावा, असं मी सुचवलं, आणि त्यांना हायसं वाटलं.

मग केलं काय? ताईंच्याच धंद्यातली रीत वापरली. पतसंस्थेत व्हाउचरशिवाय नोंद होत नाही, मग ती चेअरमननी सांगितलेली का असेना. मी म्हटलं, स्वतःच्या खात्यावरही तोच नियम लावू या. मी म्हणते म्हणून तुम्ही स्वतःला हुशार समजू नका, आणि तुम्ही म्हणता म्हणून मीही तुम्हाला ढ समजणार नाही. एक साधी वही करायची. रोज संध्याकाळी दोन-तीन ओळी. काय केलं आणि त्याचं काय झालं, एवढंच. विशेषण वापरायचं नाही, चांगलंही नाही आणि वाईटही नाही. ‘सोनेतारणाची फाइल तपासली, सराफाच्या दाखल्यावर वजन चुकलं होतं, परत पाठवली.’ ‘थकबाकीदाराच्या जामीनदाराला फोन केला, तो शनिवारी येतो म्हणाला, आला नाही.’ समोर एक रिकामा रकाना. तिथे, हे असं का घडलं याचं ताईंना सुचणारं कारण. महिनाअखेरीला आम्ही दोघी वही घेऊन बसलो. जमलेल्या कामांपुढच्या रकान्यात होतं: सोपं होतं, नशीब, साहेबांनी मदत केली. फसलेल्या कामांपुढे: माझी चूक, मीच वेंधळी. मी त्यांना एकच विचारलं. हीच वही त्या कौतुक करणाऱ्या सहकाऱ्यांची असती, तर रकाना असाच भरला असता का? ताईंनी पेन घेतलं आणि स्वतःच काही ओळी खोडल्या. ‘नशीब’ पुसून ‘कलम १०१ खालची कागदपत्रं आधीच तयार ठेवली होती’ असं लिहिलं. सहकार कायद्याखालच्या वसुलीच्या दाखल्याचं प्रकरण होतं ते, आणि त्याची पूर्वतयारी नशीब करत नाही.

दुसरं काम कृतीचं. अनेक जण म्हणतात, आधी आत्मविश्वास येऊ दे, मग करतो. माझा अनुभव उलटा आहे, आणि मानसशास्त्रातही त्याला आधार आहे. डॅरिल बेम यांनी १९६७ आणि १९७२ मधल्या लेखनातून मांडलं, की आतून स्पष्ट काही उमगत नसेल तेव्हा माणूस स्वतःला बऱ्याच अंशी बाहेरून, आपल्या वागण्याकडे बघूनच ओळखतो. मी रोज तलावावर जातो, म्हणजे मला पोहणं आवडत असावं, अशा धर्तीवर. म्हणून ताईंना पद स्वीकारा असं मी कधीच म्हटलं नाही. तो निर्णय त्यांचा होता. त्यांनी साहेबांकडून काही महिन्यांची मुदत मागून घेतली आणि तेवढ्यापुरतं प्रभारी म्हणून काम बघायचं ठरवलं. त्यात एक गोष्ट ठरवून करायची होती. संचालक मंडळाच्या सभेत थकबाकीचा तक्ता नेहमी शाखाधिकारी वाचायचे, तो आता ताईंनी वाचायचा. त्याआधी त्यांनी आपलं भाकीत लिहून ठेवलं: आवाज फुटणार नाही, कुणीतरी प्रश्न विचारेल, मला उत्तर येणार नाही, सगळे एकमेकांकडे बघतील. सभेनंतर शेजारी लिहिलं: आवाज पहिली दोन मिनिटं थरथरला. तीन प्रश्न आले. दोघांना उत्तर दिलं, तिसऱ्याला ‘बघून सांगते’ म्हटलं. कुणी एकमेकांकडे बघितलं नाही. एक संचालक चहा मागवत होते.

यानंतर सगळं सुरळीत झालं, असं नाही. लेखापरीक्षणात सोनेतारणाच्या दोन प्रकरणांत नूतनीकरणाच्या सह्या राहिल्याचा शेरा आला. ताई आल्या त्याच "बघा, मी म्हणत नव्हते?" म्हणत. पण त्यांच्या चेहऱ्यावर दुःखाबरोबर आणखी काहीतरी होतं, आणि ते त्यांनीच ओळखलं. "मॅडम, खरं सांगू? शेरा वाचून बरं वाटलं मला. सुटल्यासारखं झालं." ओळखीची जमीन परत पायाखाली आली होती. त्या भेटीत आम्ही बाकी काही केलं नाही, फक्त या सुटल्यासारखं वाटण्याकडे नीट पाहिलं. हे जिला दिसलं, तिला पुढच्या वेळी ते पकडता येतं.

याच टप्प्यावर मी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांचा आधार घेतला. १९५५ च्या सुमारास त्यांनी सुरू केलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती महाराष्ट्रात बऱ्याच समुपदेशकांना जवळची आहे. एलिस यांचा आग्रह असा, की कृतीला जरूर गुण द्या, पण अख्ख्या माणसाला एकच गुण देऊ नका. माणूस इतक्या असंख्य, सतत बदलणाऱ्या गोष्टींचा बनलेला असतो, की त्याची एकूण बेरीज होऊच शकत नाही. सह्या राहिल्या, ही चूक. ती फाइलवर दुरुस्त होते. ‘मी ढ’ कशावर दुरुस्त करणार? आणि म्हणूनच ‘ढ’च्या जागी ‘हुशार’ ही पाटी लावणं, हेही आमचं ध्येय नव्हतं. ती पाटी पुढच्या शेऱ्याला गळून पडली असती. ताईंना हे पटायला वेळ लागला. त्यांना वाटत होतं, मी त्यांना शेवटी हुशार ठरवणार आहे.

घरच्यांसाठी थोडं. आपल्या माणसाला असं होत असेल, तर ‘तू ग्रेट आहेस’ या धर्तीच्या कौतुकाने तो आणखी आक्रसतो. त्यापेक्षा पाहिलेली गोष्ट सांगा. ताईंच्या मिस्टरांना मी हेच म्हटलं. त्यांनी पुढे एकदा जेवताना सांगितलं, की पलीकडच्या आळीतले एक खातेदार भेटले होते, ठेव मुदतीआधी मोडली तर व्याजाचं किती नुकसान होईल ते ताईंनी कागदावर मांडून दाखवलं आणि म्हणून त्यांनी ठेव मोडली नाही. ताईंना यावर काही हरकत घेता आली नाही. ते घडलं होतं. आणि मुलांच्या बाबतीत, ‘हा हुशार, ही कामसू’ अशा वाटण्या पाहुण्यांसमोर करणं थांबवा. गमतीतसुद्धा.

एक सावधगिरीही सांगायला हवी. ‘मी कुचकामी आहे’ हे वाटणं दोन आठवड्यांहून जास्त काळ दिवसचे दिवस टिकलं, झोप-भूक गेली, कशातच रस उरला नाही, किंवा जगणं नको वाटू लागलं, तर तो नुसता स्वप्रतिमेचा प्रश्न राहत नाही. नैराश्यात मन स्वतःविषयी असंच बोलतं, आणि तिथे वही पुरत नाही. मानसोपचारतज्ज्ञांकडे जावं. ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत सेवाही सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र कधीही मराठीत बोलता येतं. ताईंच्या बाबतीत मी पहिल्याच भेटीत ही सगळी लक्षणं विचारून घेतली होती, आणि झोप दोन-तीन आठवड्यांत हळूहळू रुळावर आली.

ताईंनी पद स्वीकारलं. मैत्री तोडली नाही, पण डबा आता कधी तिच्याबरोबर खातात, कधी इतरांबरोबर. वीस ओळींचा कागद मी पुन्हा दिला तेव्हा ‘मी घाबरट आहे’ तसंच राहिलं होतं, आणि मला ते खोडावंसं वाटलं नाही, कारण सभेआधी त्यांना अजून धडधडतं. ‘गणितात कच्ची’ या जागी लिहिलं होतं, ‘हिशेब करते. भूमिती येत नाही.’ मार्चमध्ये ठरलेली भेट त्यांनी स्वतःच पुढे ढकलली. वर्षअखेरीचं काम होतं, शाखेचे ताळे जुळवायचे होते आणि नव्या कॅशियरला सुट्टी हवी होती. "एप्रिलमध्ये गरज वाटली तर फोन करते," म्हणाल्या. तो फोन अजून आलेला नाही.